दोन मिनिटांचं काम दहा मिनिटांत कसं करावं

मी नाशिकला, सातपूरच्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनवर आहे, १८ वर्षं झाली. तिथे आमच्या डोक्यावर एकच भूत बसलेलं असतं, सायकल टाईम. जॉब लावला, कापला, काढला, पुढचा लावला, यात किती सेकंद गेले ते. ४२ चे ३९ केले की साहेब पाठीवर थाप मारतात, ३९ चे ४५ झाले की कारण विचारायला येतात. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तेच करायला लागतो. मुलांच्या आंघोळी मी सायकल टाईममध्ये उरकायचो. कुत्र्याला पवननगरच्या चौकापर्यंत नेऊन परत, नऊ मिनिटं, झालं. नऊची साडेआठ कशी होतील याचाही विचार करायचो, खोटं कशाला सांगू.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका संध्याकाळी नळाला पाणी करंगळीएवढं येत होतं. पान्याचं वाडगं धुवायचं होतं. पान्या म्हणजे आमचा कुत्रा. गावठी आहे, आता चार वर्षांचा. पिल्लू असताना माझा बारा-तेराचा पाना तोंडात धरून जिन्याखाली पळाला होता, म्हणून पान्या. आईला वाटतं झाडाच्या पानावरून ठेवलंय, मी अजून खुलासा केलेला नाही. तर, वाडगं भरायलाच वेळ लागत होता. मी वैतागून तिथेच बसलो. थोरली शेजारी येऊन उकिडवी बसली, धाकटा तिच्या पाठीवर लोंबकळला, पान्याने मध्ये नाक खुपसलं. करण्यासारखं काही नव्हतं, सगळे त्या धारेकडे बघत होतो. बघता बघता थोरली म्हणाली, "पप्पा, बाईंनी माझा बाक बदलला. आता मी एकटीच बसते."

कधी बदलला? तर म्हणे तीन आठवडे झाले. तीन आठवडे मी रोज "शाळेत काय झालं" विचारत होतो आणि रोज "काही नाही" ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी जोरात होतं. मी कॉक अर्धा बंद केला.

त्यानंतर रोजची कामं मुलांबरोबर मुद्दाम सावकाश करताना जे जमलं आणि जे फसलं, ते लिहितोय.

आधी एक आठवडा नुसतं टिपून ठेवा

"मुलांसाठी खास वेळ काढा" हा सल्ला देणाऱ्याला शिफ्ट नसावी. माझी सुट्टी शनिवारी, मुलांची रविवारी. एकदा मी रविवारची रजा टाकून सगळ्यांना सोमेश्वरच्या धबधब्याला घेऊन गेलो. गंगापूर रोडला गाडी मुंगीच्या पावलांनी, तिथे गर्दी, धाकट्याला भूक, हिला डोकेदुखी, मी प्रत्येकाला "मजा येतेय ना?" विचारत फिरतोय. आजही मुलांना त्या दिवसातलं काय आठवतं विचारा. कणसाच्या गाडीखाली एक पिल्लू कुणाच्या तरी चपलेत डोकं घालून झोपलं होतं, ते. धबधबा गेला वाहून.

म्हणून आधी जुन्या कॅलेंडरचं एक पान घ्या आणि आठवडाभर लिहा की घरात कोण कधी असतं आणि त्यातल्या कुठल्या वेळेला कुणाला कुठे पळायचं नसतं. हे दुसरं महत्त्वाचं. सकाळी सात वाजता आमच्याकडे सगळे असतात, पण तेव्हा घर म्हणजे सीबीएस, आमचं मोठं बसस्टँड असतं. आमचं पान असं निघालं: फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी पाच ते सहा. सेकंड असली की दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं, कारण मला पावणेतीनला निघावं लागतं. नाईट असली की संध्याकाळ मोकळी, पण सकाळी मी कंपनीतून येतो तेव्हा पोरं रिक्षात बसून निघालेली असतात. गल्लीच्या तोंडाशी हात हलवतो तेवढंच.

तुमचं पान वेगळं निघेल. रोज एक तास सापडेल अशी आशा धरू नका. दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

काम कसं निवडायचं

माझ्या तीन अटी आहेत. काम असं हवं की ते कुणी ना कुणी रोज करतंच. त्यात हात ओले, तेलकट किंवा केसाळ व्हायला हवेत, म्हणजे फोन धरता येत नाही. आणि सगळ्यांची नजर एकाच तिसऱ्या गोष्टीवर असायला हवी. मुलाला समोर बसवून डोळ्यांत बघून विचारलं की ते गप्प होतं. मोठी माणसंही होतात, चौकशीला बोलावल्यासारखं वाटतं. कुत्र्याच्या पाठीवरून ब्रश फिरवताना तेच पोर आपणहून बोलायला लागतं.

मग त्या कामाला लागणारा वेळ घ्या आणि त्याला पाचाने गुणा. वाडगं धुवायला दोन मिनिटं लागत असतील तर दहा धरा. धाकटा साबण जास्त घेणार, फेस करणार, पान्याच्या नाकाला लावणार, ते धरूनच दहा. वेळ कमी धरला की आपण ओरडतो.

आमच्याकडे फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पान्याची फेरी, सेकंडच्या आठवड्यात दुपारचा ब्रश, नाईटच्या आठवड्यात संध्याकाळचं खाणं आणि वाडगं, अशी वाटणी आहे. बाकी वेळी तीच कामं बायको किंवा आई दोन मिनिटांत उरकतात आणि त्यात काही वाईट नाही. सगळीच कामं रमतगमत करायला लागलो तर घर चालायचं नाही.

धाकटा पाच वर्षांचा आहे. तो पाण्याचं वाडगं भरतो, मापाने खाणं घालतो, गाजराचे तुकडे मोजतो. थोरली नऊची, ती ब्रश करते, गोचीड शोधते, लसीच्या तारखा सांभाळते. नखं कापणं, गोळी देणं, कान साफ करणं ही कामं मोठ्यांची. हे एकदा स्पष्ट सांगून टाका, रोज रोज वाद नको.

गोचिडीचं थोडं नीट सांगतो, कारण पावसाळा लागला की आमच्याकडे हाच कार्यक्रम असतो. कानाच्या आत-मागे, मानेच्या पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी बघायचं. सापडली की थोरली नुसतं "सापडली!" म्हणून ओरडते. काढतो मी, चिमट्याने, कातडीच्या अगदी जवळ धरून, सरळ वर. चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकायची. धाकटा बाटलीत मोजतो. गेल्या श्रावणात एका शनिवारी अकरा निघाल्या, आणि त्या दिवशी त्याला पहिल्यांदा दहाच्या पुढे मोजताना मी ऐकलं.

आंघोळ मात्र दर आठवड्याला घालू नका. महिन्यातून एकदा पुष्कळ. आपला शाम्पूही नको. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा वेगळी असते, कोरडी पडते आणि मग ते खाजवत बसतं. आंघोळीचा दिवस शनिवार. मला सुट्टी आणि मुलांची शाळा अर्धी. पाणी कोमट, कानांत जाऊ द्यायचं नाही, आणि अंग झटकायच्या आधी कुत्रं डोकं हलवतं, त्या क्षणी सगळ्यांनी पळायचं. आमच्याकडे अर्धी गंमत त्या पळण्यातच आहे. मी अजून एकदाही वेळेवर पळालेलो नाही.

गुरगुर म्हणजे मशीनवरचा लाल दिवा

हा भाग वगळू नका. मी वगळला होता.

गेल्या वर्षी पावसाळ्यात पान्या भात-चिकन खात होता. धाकट्याने शेजारी बसून वाडग्यात हात घातला, "आपण वाटून खाऊ" म्हणत. पान्या गुरगुरला. मी चप्पल उचलली आणि पान्याला मारली. त्याला धडा मिळाला असं मला वाटलं. मिळाला खरा, पण काय मिळाला ते महिन्याभराने कळलं. धाकट्याने पुन्हा तसंच केलं तेव्हा पान्या गुरगुरला नाही, थेट दात दाखवून झडप घातली. दात शर्टाच्या बाहीला लागले, हाताला नाही. आमचं नशीब.

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तर ते पान्याला रागावले नाहीत, मला रागावले. म्हणाले, तो सांगत होता की लांब राहा. तुम्ही त्याचं सांगणंच बंद केलंत, आता तो न सांगता करणार. मशीनवरचा माणूस असल्यामुळे मला हे लगेच कळलं. पॅनेलवर लाल दिवा लागला तर आपण दिवा फोडत नाही, मशीन थांबवून बघतो काय झालं ते.

तेव्हापासून दिवे ओळखायला शिकलो आणि मुलांना शिकवले. कुत्रं अंग ताठ करतं. डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसायला लागतो. समोर खाणं नसताना ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, तोंड दुसरीकडे फिरवतं. यातलं काहीही दिसलं की हात मागे घ्यायचा आणि सावकाश बाजूला व्हायचं. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, हेही प्रत्येक वेळी खरं नसतं. ताठ उभी शेपटी टोकाशी थरथरत असेल तर ती वेगळी गोष्ट.

घरातले नियम चारच. खाताना हात नाही. झोपलेला असताना हात नाही, हाक मारायची. मिठी नाही, आपल्याला ती माया वाटते, बऱ्याच कुत्र्यांना पकडल्यासारखं वाटतं. आणि धाकटा जवळ असला की मोठं माणूस हाताच्या अंतरावर, फोनवर नाही.

हात लावायचाच तर "तीन मोज" हा आमचा खेळ आहे. छातीवर किंवा मानेखाली हात फिरवायचा, एक-दोन-तीन मोजायचं आणि थांबायचं. पान्या जवळ सरकला तर पुन्हा तीन. उठून गेला तर जाऊ द्यायचं. हे करायला लागल्यापासून तो आपणहून धाकट्याच्या मांडीवर डोकं ठेवायला लागला, त्याला सहा-सात महिने लागले. ज्या दिवशी पहिल्यांदा ठेवलं त्या दिवशी धाकटा पाऊण तास हलला नाही. पाय बधीर झाला तरी नाही, लघवीला जायचं होतं तरी नाही.

आणि एक गोष्ट मुलांना पाठच करून घ्या: घरचा असो की रस्त्यावरचा, कुत्र्या-मांजराचा दात किंवा नख लागलं तर लपवायचं नाही. ओरडा बसणार नाही असं आधीच वचन द्या, नाहीतर ती लपवतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस मिळते. पान्याला रेबीजची लस दर वर्षी २८ सप्टेंबरच्या आसपास देतो. तो जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चरच्या पुण्यतिथीचा. १८८५ साली पाश्चरने पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या ज्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली तो जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचा होता, हे मी थोरलीला सांगितलं. "म्हणजे माझ्याएवढा," ती म्हणाली. तेव्हापासून तारीख तीच लक्षात ठेवते.

द्राक्षं आणि कांदा

आपल्या जिल्ह्याचं नाव जगात ज्या दोन पिकांनी नेलं, ती दोन्ही कुत्र्याला विष आहेत. योगायोग म्हणा.

फेब्रुवारीत हिच्या माहेरून, पिंपळगाव बसवंतकडून, द्राक्षांचं क्रेट येतं. घरात जो येईल त्याच्या हातावर घड ठेवायचा ही रीत, आणि धाकट्याच्या हिशेबात पान्या घरातलाच. द्राक्षांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किती खाल्ली म्हणजे धोका, याचं ठराविक माप नाही. एखाद्या कुत्र्याला थोडकीही बाधतात. बेदाणे-मनुकाही तेच, सुकवलेली द्राक्षंच ती. म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा गेला. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजलेला असो, मिसळीच्या रश्श्यात विरघळलेला असो. लसूणही त्याच घरातला. चॉकलेटही नाही. चुकून खाल्लं तर उलटीची वाट बघत घरी बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या आणि काय खाल्लं, किती, कधी ते सांगा.

आता यात आनंद कुठला? आम्ही फ्रिजवर चित्रांचा तक्ता लावला. डाव्या बाजूला "पान्याला चालतं": गाजर, काकडी, उकडलेला भोपळा, बिया काढलेलं कलिंगड, साधा भात, उकडलेलं अंडं. उजव्या बाजूला "पान्याला चालत नाही". चित्रं धाकट्याची. त्याचा कांदा माझ्या साहेबांसारखा दिसतो, मिशांसकट. घरी पाहुणा आला की धाकटा आधी त्याला फ्रिजपुढे उभा करून तक्ता वाचून दाखवतो, मग बसू देतो. सासरे स्वतः द्राक्षबागायतदार, त्यांनाही सोडलं नाही. ते हसत म्हणाले, "चला, एक तरी गिऱ्हाईक कमी."

नाकाची फेरी

माझ्या नऊ मिनिटांच्या फेरीत पान्या चालायचा कमी आणि ओढला जायचा जास्त. आता फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात आम्ही चौकापर्यंत पोचतच नाही. नियम असा की वळण पान्याने ठरवायचं, थांबायचं कुठे ते पान्याने ठरवायचं, आणि मुलांनी ओळखायचं की त्याला कसला वास आला असेल. माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार २०-३० कोटींपर्यंत. म्हणजे आपल्याला जो नुसता विजेचा खांब दिसतो तो पान्यासाठी आजचा पेपर. थोरली शेजारी उभी राहून बातम्या वाचते: "काल रात्री काळ्या येऊन गेला. त्याने मटण खाल्लं होतं. पान्या नाराज." वीस मिनिटांत आमची दोनशे मीटर चाल होते, आणि पान्या घरी येऊन असा झोपतो की जणू पांडवलेणी चढून आलाय.

दोऱ्या दोन लावा. एक तुमच्या हातात, खरी. दुसरी मुलाच्या हातात, मानाची. कुत्र्याने मांजर बघून झेप घेतली तर पाच वर्षांचं पोर फरफटतं, आणि हातातून दोरी सुटली तर रडतं ते वेगळं. धाकट्याला अजून वाटतं पान्याला तोच फिरवतो.

एप्रिल-मेमध्ये निघण्याआधी हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवून सात मोजा. हाताला सोसवलं नाही तर कुत्र्याच्या पंजालाही सोसवणार नाही. हे मोजायचं काम धाकट्याचं, आणि तो सात मोजताना शेवटी खूप घाई करतो, म्हणून तुम्हीही हात ठेवा. थंडीत उलटं. निफाडचा पारा पेपरात यायला लागला की आम्ही ओट्यावर पोतं दुमडून टाकतो आणि सकाळची फेरी ऊन आल्यावर.

जिलबी आणि आई

जिलबी ही मांजर. गोल वळून बसते म्हणून जिलबी. तिला काही करायला लावता येत नाही, त्यामुळे इथे माझी पद्धत चालत नाही. ती चालते आईच्या पद्धतीने.

डिसेंबर-जानेवारीत आई ओट्यावर मटार सोलायला बसते. पाय पसरून, मांडीवर सूप. पाच मिनिटांत जिलबी येते, दहाव्या मिनिटाला मुलं. कुणी कुणाला बोलावत नाही. एखादी शेंग आई मुद्दाम खाली टाकते, जिलबी ती पंजाने ढकलत दारापर्यंत नेते, धाकटा रांगत मागे. त्या मटारांना एक तास लागतो. हिने एकदा सोललेले मटार विकत आणले, तर आई दोन दिवस नीट बोलली नाही. तेव्हा मला तो राग कळला नव्हता.

मांजराशी मैत्री करायची एक युक्ती आहे, मुलांना फार आवडते. मांजर निवांत बसलेलं असताना थोड्या अंतरावर बसा, डोळे हळूहळू अर्धे मिटा, क्षणभर मिटून ठेवा, हळूहळू उघडा. टक लावून बघायचं नाही. बऱ्याचदा मांजरही तसंच डोळे मिटून उत्तर देतं. थोरलीला चौथ्या दिवशी उत्तर मिळालं. धाकट्याला अजून नाही, कारण तो डोळे मिटून हसायला लागतो.

दोन सावधगिरी. बायको घरीच ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते, म्हणजे घरभर दोरे. मांजराने दोरा गिळला तर तो आतड्यात अडकतो आणि ऑपरेशनपर्यंत जातं. सुई असेल तर विचारूच नका. म्हणून दोऱ्यांचा डबा झाकणाचा, आणि खेळायला फक्त रिकामी रिळं. रिकामं रीळ फरशीवर गडगडतं तेव्हा जिलबीइतकीच मलाही मजा येते. दुसरं दुधाचं. मोठ्या मांजरांना बऱ्याचदा दूध पचत नाही, जुलाब होतात. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या डॉक्टरांना कृष्ण माहीत नाही वाटतं." शेवटी तडजोड अशी झाली की दूध नाही, पण उकडलेल्या अंड्यातला बलक आठवड्यातून एकदा, तोही आईच्याच हाताने. त्या वेळी ती मुलांना नामदेवाची गोष्ट सांगते, कुत्र्याने पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन "कोरडी खाऊ नकोस रे" म्हणत मागे धावला ती. दर वेळी तीच गोष्ट. दर वेळी धाकटा विचारतो, मग तूप पान्याला चालतं का? तक्त्यात तूप कुठल्या बाजूला लिहायचं यावर आमच्याकडे अजून निकाल लागलेला नाही.

सणांच्या दिवशी

फार थोडक्यात. रंगपंचमीला आपल्या गावात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद उघडतात, सगळं नाशिक रंगात असतं, पण पान्या आणि जिलबी आईबरोबर आत. प्राण्यांना रंग नाही, कारण ते अंग चाटतात आणि रंग पोटात जातो. गणपतीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके सुरू झाले की पान्या पलंगाखाली जातो. त्याला ओढून बाहेर काढू नका. खिडक्या लावा, पंखा मोठा करा, फेरी उजेडात उरकून घ्या. आमची मुलं पलंगाखाली त्याच्या शेजारी पोटावर झोपून बॅटरीच्या उजेडात चित्रकला करतात. गेल्या लक्ष्मीपूजनाला पूजा झाल्यावर मीही तासभर तिथेच होतो. पलंगाखाली तीन वर्षांपूर्वी हरवलेली व्हर्निअर, जॉब मोजायची पट्टी, सापडली.

फोनचं काय?

एक फोटो काढा आणि फोन फ्रिजवर ठेवा. माझ्या फोनमध्ये पान्याचे ११०० फोटो आहेत आणि मी ते बघत नाही. बघतो ती वही.

दहा रुपयांची शंभर पानी वही, खिळ्याला टांगलेली, दोरीला पेन्सिल. रोज रात्री एक ओळ, जास्त नाही. धाकटा सांगतो, थोरली लिहिते. सेकंड शिफ्टवरून मी बारा-साडेबाराला येतो तेव्हा सगळे झोपलेले असतात. हात धुवायच्या आधी मी ती ओळ वाचतो. काही इथे उतरवतो:

"पान्याने स्वप्नात भुंकून स्वतःलाच उठवलं."

"जिलबी पप्पांच्या डब्याच्या पिशवीत बसली. कंपनीत जायचं होतं तिला."

"आज काही नाही झालं. आजी पडली नाही. पाऊस."

"पान्याला उलटी. चॉकलेट नाही, गवत."

"धाकट्याचा दात हलतो. पान्याला दाखवला."

कंटाळवाणे दिवसही लिहायला लावा. दर ओळ गोड हवी असं म्हणालात की मुलं खोटं लिहायला लागतात. थोरलीने आठवडाभर तसं केलं, प्रत्येक ओळीत "खूप मज्जा आली". मीच सांगितलं, नसेल आली तर नाही आली लिही.

घरात प्राणी नसेल तर

मुलांनी हट्ट केला म्हणून आणू नका. कुत्रं १०-१४ वर्षं जगतं. आज नऊ वर्षांची पोर कॉलेज संपवून नोकरीला लागेल तेव्हाही ते घरात असेल, म्हातारं, आणि त्याचं औषधपाणी तुमच्याकडे असेल. तेवढी तयारी असेल तर रस्त्यावरचं गावठी पिल्लू आणा, आपल्या हवेला ते टिकतं. पोपट पिंजऱ्यात ठेवायचा विचार असेल तर सोडा. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

नाहीतर मातीचं पसरट भांडं गच्चीवर सावलीत ठेवा, पाण्याचं. रोज घासून भरायचं, कारण साचलेल्या पाण्यात डास होतात. हे घासणं-भरणं म्हणजेच आमच्या वाडग्याचं काम. चिमण्या येतील, साळुंक्या येतील, कावळा पोळीचा तुकडा आणून भिजवेल. आमच्या समोरच्या घरातलं जोडपं हेच करतं, नातवाबरोबर. नातू दर रविवारी येतो आणि आठवडाभर कोण कोण आलं याचा हिशेब आजोबांकडे मागतो. आजोबा काही पक्षी मनाने वाढवतात, मला माहीत आहे.

सोमवारपासून माझी सेकंड शिफ्ट. म्हणजे दुपारचा ब्रश, ओट्यावर, जेवणानंतर. पान्या केस गाळतोय सध्या, पिशवीभर निघतात. धाकट्याला त्या केसांचा दुसरा पान्या बनवायचाय. हिने घरात ठेवायला नकार दिलाय, आईने जिन्याखाली चालेल म्हटलंय, आणि थोरली विचारतेय की तो पण गुरगुरला तर लाल दिवा धरायचा का.